इर्जिकीतली मजुरी

२ फेब्रु., सोम.
पुण्याची मधुराताई आलती. फोनला आपली बोली शिकवायच्या तिच्या कामाला वर्ष झालं. फोनवर वाक्य दिसतं, ते आपण तोंडानं बोलायचं. दुसरीनं ऐकून बरोबर का चूक ते दाबायचं. माझं आन् केडगावच्या बायांचं वाक्य धाकटी जाऊ शेवंता तपासती, तिचं मी. बरोबर निघालं की आवाजांच्या खजिन्यात. खजिना कुणाच्या बापाचा न्हाई म्हणं, कुणीबी फुकट न्यावा. आमीबी फुकटच करतो.
आज नवीन काढलं. तपासणारीला वाक्यामागं पैसे. कुठली कंपनी देतीया. म्हणले, कंपनीला काय पडलंय? "काकू, त्यांनापण हा खजिना लागतो." लागतो तर वर्षभर कुठं हुती? आत्ताच हात कसा सैल झाला?
मी पैसे नको म्हणले. इर्जिकीला आपला बैल न्यायचा, दुसऱ्याचं रान नांगरायचं, त्याच्या घरी जेवायचं आन् माघारी यायचं. मजुरी मागितली की ती इर्जिक न्हाई. ताईचं तोंड आसं झालं, जसं काय मीच पैसे मागितले. शेवंता मातर लगी पासबुक घेऊन आली.

४ फेब्रु.
शेवंताच्या आन् माझ्या घरात भिंत एकच. बटण दाबलं की फोन टिंग करतो. आधी तिकडं टिंग, मग लई येळ गप्प, मग टिंग. आता टिंगटिंगटिंग. यष्टीचा कंडक्टर बरा. ऐकती कवा आन् दाबती कवा?
इचारलं. "शेवंते, ऐकती का नुसतं दाबती?"
"अक्का, तुमचं फुकटचं हाय, तुमाला येळ हाय. मला न्हाई."
झोंबलं.

७ फेब्रु.
सासूनं आज फोनला तोंडानं इचारलं, "शेरडाला हगवण लागलीया, काय पाजू?" फोन कुठल्या तरी देवळाचा रस्ता सांगाय लागला. सासू म्हणली, "मुडदा बशिवला ह्याचा, ह्याला आपलं कळतच न्हाई."
ह्याच्यापायीच तर मी बसले वर्षभर. ल्ह्याया न येणाऱ्या बाईनं इचारावं आन् ह्याला कळावं. खोटं भरलं तर उद्या खोटंच औषीद सांगंल. मरंल शेरडू. कंपनी येणार हाय व्हय पुरायला?

९ फेब्रु., सोम.
केलं एकदाचं. फोनवर वाक्य हुतं, 'मेंढीला जंताचं औषध पाजलं.' मी बोलले, "माझ्या दाल्ल्याला शिंगं फुटल्यात." धनी वट्यावर बसलेले, टोपी काढून डोकं चाचपाय लागले.
चहाला उकळी यायच्या आत भिंतीपल्याड टिंग. माझ्या फोनवर आलं, बरोबर.
ताईला सांगावं तर शेवंताचे पैसे बंद, आन् घरात जन्माची कटकट. न्हाई सांगावं तर शिंगं खजिन्यात.

१० फेब्रु.
शेवंता गवत तोडत हुती. म्हणले, "काल माझं काय ऐकलंस?"
"कायतरी मेंढीचं."
"मेंढीचं न्हाई. माझ्या दाल्ल्याच्या शिंगांचं." सगळं सांगितलं. आधी हसून हसून बांधावरच बसली. मग पदरानं डोळं पुसलं.
"अक्का, बाकीच्यांचं मी शेवटपत्तुर ऐकती. तुमचा आवाज आला की दाबून मोकळी. तुमचं काय तपासायचं? तुमी कवा चुकताय का?"
म्हणले, "मग बुधवारची टिंगटिंग समदी माझीच व्हय?"
"मग वो कुणाची?"
मी त्या दिवशी एवढी बोलले हुते का? आठवंना. म्हणती ते खरं आसंल. पैसे घेणारीचं तोंड गोड आसतं, हेबी खरं. आन् मला पैल्यांदा कुणी तरी आसं म्हणलं, तेबी…

११ फेब्रु.
दुपारी ताईचा फोन. "काकू, सगळं नीट चाललंय ना?" म्हणले, शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, दोन्ही माद्या. शिंगांचं तोंडावर आलतं, गिळलं.
आता फोन उघडला तर शेवंताचं वाक्य तपासायला आलंय. तिचा आवाज आला, "मेंढीला…" आन् माझं बोट बटणावर! पुढचं ऐकायच्या आधीच. आन् मला तर कुणी पैसाबी देत न्हाई.
बोट उचललं. तिनंबी शिंगं घातली आसली तर?
परत पैल्यापास्नं लावलंय. भिंतीपल्याड आज गप हाय. माझं टिंग कवा वाजतंय ते शेवंता ऐकत बसली आसंल.