जोडणीतली एक ओळ

मंगळवार, १४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, आधी कान पकडते. भाचीचा पुढचा दात पडला हे वाचून हसले. आता बाईसाहेब फोटोत तोंड मिटून बसणार! मी बरी आहे. जेवण वेळेवर, कामही ठीक.

तू लिहिलंयस, आमच्या कंपनीचे नळीतून औषध देणारे पंप गुरुवारपासून तुमच्या वॉर्डात सुरू होणार, आणि तू सगळ्या नर्सना सांगत सुटलीस, "माझ्या धाकटीने केलेत!" अगं बाई, मी केले नाहीत. त्यातला प्रोग्राम तपासते फक्त.

तपासणं म्हणजे काय, ते एकदा ऐकून घे. आमच्याकडे एक असर्शन लायब्ररी आहे, म्हणजे तपासणीसाठीचा तयार प्रोग्राम. तिच्यात ठाम वाक्यं लिहायची: 'थांबवा दाबलं की औषध थांबलंच पाहिजे.' तसं झालं नाही की ती बोंब मारते. पण या चाचण्या चालवते फ्रेमवर्क नावाची दुसरीच यंत्रणा, जुनी आणि हेकट. तिला या लायब्ररीची बोंब ओळखताच येईना. पहिल्याच बोंबेला सगळं काम ठप्प. दोघींचं जमवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी दोघींच्या मधे बसणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे जोडणी, लिहिली. चाचण्या शेवटपर्यंत धावाव्यात म्हणून तिच्यात एक ओळ घातली: अनोळखी काही आलं तर नोंद करून पुढे जा. दोन दिवसांपुरती! मग सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसायला लागलं, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मला बढती दिली, आणि मी ती ओळ साफ विसरले. ताई, बोंबा येतच होत्या. माझी ओळ त्या गिळत होती.

गेल्या बुधवारी ती ओळ काढली. अकरा चाचण्या लाल, म्हणजे नापास. त्यातली एक तीच, थांबवा दाबल्याची. नळीत अडथळा येऊन गेल्यावर थांबवा दाबलं, तरी पंप औषध सोडत राहतो.

तशीच साहेबांकडे धावले. त्यांनी दार लावलं. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. तोवर ब्र काढायचा नाही. तपासणीच्या कागदावर सही तुमची आहे." तेव्हापासून माझं टेबल त्यांच्या केबिनसमोर. चहाला उठले तरी काचेमागची मान वर होते. घरी जाते, तर तिथेही ती मान डोळ्यांपुढे. सहा दिवस नीट झोपले नाही. तुला फोन लावते नि वाजायच्या आत कापते. भित्री आहे गं मी, तुला ठाऊकच आहे. आत्ताही जिन्यात बसून मोबाईलवर हा मेल लिहितेय, वरून पावलं वाजली की थांबते.

गप्प बसले तर नोकरी राहील. बोलले तर नोकरी जाईल, वर सहीपायी चौकशीही लागेल. दोन्हीकडून अडकलेय. पण त्या पंपाशी उभी तू असणार, आणि पलंगावर कुणीतरी.

पंप सुरू करू देऊ नकोस. हे पत्र जसंच्या तसं तुमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखव. अकरा चाचण्यांची यादी सोबत जोडलीय. कुणी सांगितलं असं विचारतील. माझं नाव झाकू नकोस. तेव्हाही तशीच मान ताठ ठेवून सांग: माझ्या धाकटीने.

तुझीच,
सही करून बसलेली धाकटी