चार बोटं सैल

रविवार, ३ नोव्हेंबर १९९६

चंपत आज गाडी घेऊन दुकानापुढे उभा राहिला! चालवत मात्र त्याचा ड्रायव्हर होता. बारा वर्षांपूर्वीच्या अपघातापासून चंपतराव स्टिअरिंगला हात लावत नाहीत, हे आदिलाबादच्या कापूस-बाजारात सर्वांना ठाऊक आहे. गाडी तीच – आमची रॅलीतली फियाट.

काउंटरवर दोन खोकी ठेवली. मद्रासहून मागवलेले शर्यतीच्या गाडीचे पट्टे – दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, मध्ये एक बकल.

"आठ डिसेंबरले नागपूरले जुन्या रॅलीवाल्यांचा मेळावा हाय, बी.कॉम. मी चालवतो. पण तू बाजूले बसशील तरच. अन् पट्टे तू बसवायचे. मागच्या खेपेले मी बसवले, तं काय झालं ते तुह्या तोंडावर दिसून राह्यलं."

मला तो नावाने नाही, पदवीनेच हाक मारतो. मी "बघू" म्हणालो. नट-बोल्टांचा दुकानदार याहून अधिक काय म्हणणार? नाही म्हणायला कारण हवं. खरं कारण सांगता येत नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

निदान या पानावर तरी स्वच्छ लिहितो.

१६ डिसेंबर १९८४. बाजारहत्नूरच्या अलीकडचं वळण. चंपत चालवत होता. मी डावीकडे, मांडीवर वेळापत्रक, गळ्यात दोन स्टॉपवॉच. आमच्या रॅलीत वेगाला किंमत नव्हती, अचूकपणाला होती – ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या सेकंदाला पोहोचायचं. त्यासाठी दर किलोमीटरच्या दगडापाशी ट्रिपमीटरचा, म्हणजे समोरच्या अंतरमापकाचा, आकडा जुळवावा लागे. त्या दिवशी तो चाळीस मीटर चुकत होता. आणि पट्टा आवळल्यावर माझा हात ट्रिपमीटरच्या खटक्यापर्यंत जाईना. मी खांद्यांचे पट्टे सैल केले. चार बोटं. चंपतला सांगितलं नाही.

वळणावर म्हैस आडवी आली. चंपतने गाडी वाचवली, पण पुलाच्या कठड्याला घासली. त्याला खरचटलंही नाही. माझं कपाळ ट्रिपमीटरच्या कोपऱ्यावर गेलं. डावा डोळा गेला.

इस्पितळात दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा खाटेच्या पायथ्याशी चंपतचा आवाज ऐकला – "पट्टा म्या बसवला होता. मह्याच हातानं." मी बोललो नाही. आधी बोलवत नव्हतं. मग उद्या सांगू म्हणालो. आदिलाबादेत माझी जी काही ओळख आहे ती काटेकोर माणूस अशी. त्याच माणसाने स्वतःचा पट्टा सैल केला होता, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दोन महिने चंपत रोज सकाळी येऊन मला वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. बाजारभावासकट!

गुरुवार, ७ नोव्हेंबर

जुने पट्टे काढले. रंग विटला, कडांना लव सुटली आहे. असे पट्टे दिसायला पट्टे, झटक्याला सुतळी. फेकून दिले.

चंपतने तेव्हा बसवलेले बोल्ट तपासले. जात योग्य. आटे साबूत. पत्र्यामागे जाड पोलादी पट्टी, तिचे कोपरे घासून गोल केलेले. पट्टा कुठेही धारेला लागत नव्हता. ओळंबा लावला, कोनमापक धरला. खांद्यांचा पट्टा सरळ मागे जाणारा, उतार बेताचा. खाली जमिनीकडे ओढला असता तर धक्क्याला मणका दाबला गेला असता, पण नाही.

एकही चूक नाही. एकही!

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पाडवा. दुकान बंद. चंपतकडून फराळाचा डबा आला, त्यावर चिठ्ठी – "भोकं मोजून पाड."

रविवार, १७ नोव्हेंबर

खोक्यातलं पत्रक तीनदा वाचलं. एक गोष्ट आम्हाला तेव्हा कोणी सांगितलीच नव्हती. गाडी उलटली तर छप्पर दबतं. नेहमीचा पट्टा माणसाला कलू देतो. हा देत नाही, ताठ धरून ठेवतो – दबणाऱ्या छपराखालीच. पाठीमागे पोलादी कमान नसेल तर रस्त्यावरच्या गाडीत हे पट्टे नकोतच. आम्ही चार वर्षं नुसत्या दैवावर हिंडलो.

चंपत, त्याचा ड्रायव्हर आणि मी गाडी फकिरा वेल्डरकडे घेऊन गेलो. तो नळाचा पाइप घेऊन पुढे आला.

"लय भक्कम हाय, शेठ."

"पाण्यासाठी भक्कम आहे. मला बिनजोडाचा हवा."

कमानीचे पाय जाड पाट्यांवर, आडवा दांडा खांद्यांच्या किंचित खाली, डोक्यापासून पुरेसा लांब. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजताना फकिरा म्हणाला, "एका डोळ्यानं एवढं मिलिमीटर दिसते, शेठ, दोन असते तं आमी धंदाच सोडला असता!"

मी हसलो. चंपत उठून बाहेर गेला. बराच वेळ पानटपरीवर उभा होता. तो पान खात नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर

काम थांबलं – वीज नाही. गाडीतच बसून राहिलो.

१९८१ ची पहिली रॅली आठवली. बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाड्या, मैलभर. सगळा रस्ता पांढरा. सौ. वच्छलाने दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी. तपासणी नाक्यावर एक जण तेलुगूत वेळ विचारी, दुसरा उर्दूत लिहून घेई, आणि चंपत दोघांना वऱ्हाडीत चहा मागे. मिळेही!

मी म्हणायचो, "चार सेकंद पुढे." तो पाय किंचित उचलायचा. "घे तुहे चार सेकंद, बी.कॉम." किती पुढे, किती मागे – इतकंच आमचं संभाषण. दोनशे किलोमीटर. तसं बोलणं नंतर कुणाशी झालं नाही.

रविवार, १ डिसेंबर

दोन्ही खुर्च्यांचे पट्टे बसले. सौ. बघायला आली होती. "अवो, तुमाले भेव नाई वाटत?" वाटतं. तिला वाटतं त्याचं नाही.

नागपूरला जाण्याआधी सांगायचं की आल्यावर? की नाहीच? तो पुन्हा गाडी चालवणार आहे. तेवढ्याने भागत नाही का?

गुरुवार, ५ डिसेंबर

आज फकिराकडे चंपतने मला स्वतः बांधलं. आधी कमरेचे – पोटावर नाही, खाली हाडावर. मग खांद्यांचे, दोन्ही सारखे आवळून. खांद्यांचे आधी ओढले तर कमरेचे वर चढतात, हे मी सांगण्याआधीच तो जाणत होता.

"कर आता ट्रिपमीटर शून्य!" थट्टेने म्हणाला.

मी हात पुढे केला. खटका चार बोटं लांब राहिला.

"अबे, म्हातारपणी हात आखडला का तुहा?" त्याने खुर्चीच्या जागेची खूण पाहिली. खुर्ची जुन्याच भोकांत होती. ट्रिपमीटरही जागचं हललेलं नाही. मग त्याचं हसू गेलं. दार धरून खाली उकिडवा बसला.

"तवा कसा पोचत होता बे?"

उत्तरं होती. पट्टे वेगळे होते, मी बारीक होतो. तीन तरी होती.

"पोचत नव्हता," मी म्हणालो. "मी सैल केला होता. चार बोटं. तुझं काही चुकलं नव्हतं, चंपत."

चंपत एकेका बोल्टाकडे बघत होता, जणू मोजतोय.

"मंग मी बारा वर्सं गाडी काऊन नाई चालवली, लक्ष्मण?"

त्याने माझं बकल उघडलं. पट्टे पीळ पडू न देता खुर्चीवर नीट टाकले. किल्ली घेतली. मी पायी घरी आलो.

शुक्रवार, ६ डिसेंबर

निरोप नाही. मीही पाठवला नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

सौ.ने विचारलं, उद्याच्या दशम्या करू का? कर म्हणालो. झालेलं तिला अजून सांगितलेलं नाही. सांगेन – या वेळी बारा वर्षं लावणार नाही.

रविवार, ८ डिसेंबर

सहापासून डबा घेऊन दुकानाच्या पायरीवर होतो. सात वाजून दहा मिनिटांनी फियाट नागपूरच्या रस्त्याला गेली. चंपत स्वतः चालवत होता, पट्टे खांद्यांवर घट्ट. डावी खुर्ची रिकामी. तो थांबला नाही.

दोन्ही डोळे होते तेव्हा ते सारखे कागदावर असत. चंपत गाडी किती देखणी चालवतो, ते आज पाहिलं.