टपालाची दुसरी फेरी

बोरिवली (पश्चिम),
सोमवार, दुपारचे चार

ती. शर्मिष्ठाताईस,

धाकट्या नीलाचा वाकून नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू चष्मा शोधायला उठली असशील, किंवा पाकीट तसंच टेबलावर ठेवून चहा करायला गेली असशील. (दुसरंच जास्त खरं वाटतं.) तुझे गुडघे कसे आहेत? अकरा वर्षं हा प्रश्न मी लग्नाच्या हॉलच्या दाराशी, तुझ्या खांद्यामागे कुठेतरी बघत विचारत आले आणि तू “बरे आहेत” म्हणून आत जात आलीस. आज बसून, उत्तर ऐकायच्या तयारीने विचारते आहे. आम्ही दोघं ठीक. श्यामकांतांना रक्तात साखर निघाली आहे, पण ती प्रयोगशाळेची चूक आहे असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी तुला माझी एक मेल आली असेल. अजून उघडली नसशील तर उघडू नकोस. उघडली असशील तर हे पत्र संपेपर्यंत माझ्याबद्दल काही ठरवू नकोस. फोन करणार होते. नंबर लावला आणि वाजायच्या आत ठेवला. हातात पेन असलं की मला निदान खोडता येतं.

आमचा कॉम्प्युटर सहा महिने रोज एकच प्रश्न विचारत होता, नवी सिस्टिम बसवू का, आणि मी रोज ‘नंतर’ म्हणत होते. शुक्रवारी त्याने इतक्या अदबीने विचारलं की नाही म्हणवेना. (कॉन्व्हेंटात शिकलेल्या बायकांना फसवायला अदब पुरते.) दोन तास पडदा काळा होता. मग तो निळा झाला आणि सगळं परत दिसायला लागलं, पण परक्या माणसाने आपलं घर आवरून ठेवावं तसं. प्रत्येक वस्तू होती आणि प्रत्येक वस्तू एक बोट सरकलेली होती.

शनिवारी दुपारची जेवणं झाल्यावर मी मेल उघडली. श्यामकांत आत घोरत होते. सोसायटी अशी गप्प होती की लिफ्टसुद्धा जागची हलत नव्हती. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा चढत होता. बारा, एकशे चाळीस, नऊशे, दोन हजार. मी काहीही दाबलेलं नव्हतं. नुसती बसले होते, आणि माझ्यासमोर नावं ओळीने येत होती, सगळी ठळक अक्षरांत, न वाचलेल्या पत्रांची असतात तशी. तारखेच्या रकान्यात सगळ्यांपुढे शनिवार. मला वाटलं, जुन्या सिस्टिमने इतके महिने टपाल अडवून धरलं होतं, ते आता सुटलं. शिवाय प्रत्येकाचं पत्र दोनदा होतं. एकाखाली एक, शब्दाला शब्द तेच. म्हणजे बिचाऱ्यांना माझं उत्तर मिळालं नाही म्हणून त्यांनी पुन्हा पाठवलं, असा मी अर्थ लावला, आणि ताई, मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू. सिस्टर बर्निसचा वर्ग तुला आठवतो ना? टिपकागद, तपकिरी बूट, आणि पत्राला त्याच दिवशी उत्तर न देणारी मुलगी म्हणजे पाहुणा दारात उभा ठेवून आत जेवायला बसलेली मुलगी. तू दोन इयत्ता पुढे होतीस, पण हे वाक्य आपण दोघींनीही शंभर वेळा लिहून काढलं होतं.

तेव्हा मी उत्तरं द्यायला बसले. चौतीस उत्तरं दिली, एका बैठकीत. एकाला सुनेच्या बाळंतपणाबद्दल, एकीला अमेरिकेहून सुखरूप पोचल्याबद्दल. वाचताना एक विचित्र गोष्ट होत होती. वाक्य पुढे कुठे जाणार ते मला आधीच कळत होतं. म्हटलं, वय झालं, माणसं तेच ते लिहायला लागली. मधेच एक पत्र माझ्याच नावाचं आलं, मीच मला पाठवलेलं. ऑफिसात असताना मला ती सवय होती, विसरू नये म्हणून स्वतःलाच मेल करायची. त्यात एवढंच होतं: “नीला, आज तरी फोन कर.” कुणाला, ते नाही. खाली तेच पुन्हा. “नीला, आज तरी फोन कर.” मागे वळून दाराकडे पाहिलं मी, खोटं कशाला बोलू. मग (हसू नकोस) त्यालाही उत्तर दिलं, “हो, करते.” ते लगेच माझ्याकडेच येऊन पडलं.

आणि मग तुझं नाव.

तुझं पत्र एकदाच आलं होतं. वर-खाली पाहिलं, दुसरं नव्हतं. मला आश्चर्य वाटलं नाही. म्हटलं, ताईच ती, ती एकदाच विचारणार. तू काय लिहिलं होतंस ते तुला पाठ असेल, पण मला लिहू दे. “नीला, येत्या गुरुवारी सकाळी आठला ऑपरेशन आहे. गाठ काढायची आहे. मोठी नाही म्हणतात. मुलांना कळवलेलं नाही. फोन करू नकोस, फोनवर मला बोलता येणार नाही. साडेसातपर्यंत येशील का? काही करायचं नाही, तू नुसती बस. ताई.”

मी घाबरले, आणि घाबरता घाबरता मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते. गाठ तुझ्या अंगात आणि आनंद मला, की शेवटी ताईने मलाच बोलावलं. त्या भरात मी काय पाठवलं ते तुझ्यापर्यंत पोचलंच आहे. “येते म्हणजे काय, येतेच! थर्मास भरून कॉफी आणते. घाबरायचं काही कारण नाही, हल्ली ही ऑपरेशनं म्हणजे दात काढण्यासारखी. चला, आमची आठवण झाली म्हणायची तुला!” शेवटी एक हसरा चेहरासुद्धा टाकला. श्यामकांतांना उठवून सांगितलं. शेजारच्या हेमांगीला सांगितलं. निळी साडी इस्त्रीला दिली.

रविवारी सकाळी पहिलं उत्तर आलं, शकुमावशीचं. मावशीने शनिवारच्या गर्दीत मेथांबा कसा करायचा ते विचारलं होतं आणि मी सविस्तर कृती पाठवली होती. तिने लिहिलं होतं, “मिळालं. गूळ किती ते लिहिलं नाहीस.” मी ‘एक वाटी’ असं टाइप केलं, आणि बोट पाठवायच्या खुणेवर असताना मला आठवलं की भांडुपला शकुमावशीच्या तेराव्याला मी स्वतः पंगतीत खीर वाढली होती. सहा वर्षं झाली. पडद्यावर मावशीचं नाव ठळक होतं. ती वाट बघत होती. गूळ किती हे विचारल्याशिवाय तिने आयुष्यात कधी काही शिजवलं नाही, ताई.

मी श्यामकांतांना हाक मारली. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मेलेल्यांना पाककृती पाठवतेस, आणि जिवंत नवरा अर्धा तास चहाची वाट बघतोय.” मी म्हटलं, “अहो, पण तिने उत्तर दिलंय!” तर म्हणाले, “मग विचार तिला, तिकडे मेथी मिळते का. आणि आटप, अकराला बारसं आहे ना तुझं?”

बारसं कांदिवलीला होतं. माझ्या ऑफिसातल्या रेवतीचं निमंत्रण शनिवारच्या त्या ढिगातच होतं: “येत्या रविवारी आमच्या कन्येचं बारसं, नक्की या.” तिला एक मुलगी आहे एवढं मला माहीत होतं, वाटलं ही दुसरी. झबलं, टोपडं आणि वाळा घेऊन मी अकराच्या ठोक्याला दाराशी उभी. आत पाळण्याचा आवाज नाही, बायकांचा नाही, दाराला तोरण नाही. दार एका उंच मुलीने उघडलं. बारा वर्षांची असेल. दातांना तारा, हातात भूगोलाचं पुस्तक.

“आई भाजीला गेलीये. तुम्ही कोण?”

“मी नीलाकाकू. बारशाला आले.”

“कोणाच्या?”

“अगं, तुझ्या बहिणीच्या.”

“मला बहीण नाहीये,” ती म्हणाली. “मी एकटीच आहे.” मग माझ्या हातातल्या टोपड्याकडे बघून जरा मागे सरकली. “काकू, तुम्ही माझ्या बारशाला आलात का?”

इतक्या साध्या आवाजात विचारलं तिने, जणू लोक असे अधूनमधून येतात. जिन्यात कुणी नव्हतं. मला क्षणभर खरंच कळेना की उशीर मला झालाय की तिला. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “मग नाव काय ठेवलं?” तिने सांगितलं, ईशानी. मी झबलं तिच्या हातात दिलं. तिने ते उलगडून छातीशी धरलं, ते तिच्या तळहातापेक्षा फार मोठं नव्हतं, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. “थँक्यू,” म्हणाली. वळणाची मुलगी आहे.

रिक्षात बसले आणि चौतीस जणांची नावं एकेक करून डोळ्यांपुढून जायला लागली. तेहतिसांचं मला हसू येत होतं. तुझ्या नावाशी येऊन थांबले.

(शकुमावशीचा उलगडा संध्याकाळी झाला. तिच्या जावयाचा, अनिरुद्धचा फोन आला. सोसायटीची पत्रं अजून मावशीच्या पत्त्यावर येतात म्हणून तो तीच मेल वापरतो. “नीलाताई, मेथांबा झकास झाला, फक्त गुळाचं अंदाजपंचे केलं,” म्हणाला. आवाज त्याचाच होता. तरी मी दोनदा विचारलं, “तूच ना?”)

आज सकाळी कॉम्प्युटर पिशवीत घालून मिहिरच्या दुकानात नेला. पन्नाशीचा गृहस्थ आहे, पण आपल्याला आंटी म्हणतो. “काही वाट वगैरे लागलेली नाही, आंटी,” म्हणाला. “टपालाची एक प्रत कंपनीकडे पडून असते. कुठलं आणलं, कुठलं राहिलं, याची वही तुमच्या मशीनकडे. नवी सिस्टिम आली, ती वही गेली. म्हणून त्याने पहिल्यापासून सगळं परत आणलं. सगळं डबल, आणि सगळ्यांवर शनिवारची तारीख.” त्याने कुठेतरी दाबलं आणि खऱ्या तारखा दिसायला लागल्या. तुझी, ११ मार्च २०१४.

“हे एकच का आहे?” मी विचारलं.

“याची घरातली प्रत नाही ना. म्हणजे तेव्हा कोणीतरी उडवलेलं. बाकीची तुम्ही ठेवली, म्हणून जोडी झाली.”

“कोणी उडवलं?”

“ते मी कसं सांगणार, आंटी? घरात कोण वापरतं?”

मी श्यामकांतांचं नाव सांगितलं.

तेव्हा ताई, असं आहे सगळं. तू मला बोलावलं होतंस आणि मी आले नाही, हे मला अकरा वर्षांनी कळलं. त्या वर्षीपासून तू बदललीस. मी सगळ्यांना सांगत फिरले की मुलुंडला मोठं घर झाल्यावर ताईला गर्व झाला. आमच्या शौनकच्या लग्नात मी मानाची साडी आधी त्याच्या सासूला दिली म्हणून रागावलीस, असाही माझा एक तर्क होता. त्या गुरुवारी तुझ्याजवळ कोण बसलं होतं? तू हिंडतेस-फिरतेस त्या अर्थी गाठ साधी निघाली असणार, असं मी स्वतःला सांगते, पण हे अर्थावरून काढायची पाळी सख्ख्या बहिणीवर यावी का? आणि त्यावर शनिवारची ती मेल, हसऱ्या चेहऱ्यासकट. तू ती चेष्टा समजली असशील तर तुझं काही चुकलं नाही. पण ती चेष्टा नव्हती. मशीनचा घोटाळा होता.

घरच्या सगळ्यांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद.

तुझी,
नीला

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. २०१४ साली श्यामकांतांना कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नव्हता. आईचं पितळी पुरणयंत्र तू कामवाल्या बाईंना देऊन टाकलंस, ते मला त्या फेब्रुवारीत कळलं होतं, आणि मी महिनाभर तुझ्यावर धुमसत होते. तुझं नाव दिसलं, न उघडताच मी ते पुसलं. वाचलं नव्हतं, हे खरं आहे. पुसलं मीच, हेही खरं आहे. मशीनचा घोटाळा शनिवारपुरता.

ता. क. दुसरा. गुरुवारची तयारी मी मोडलेली नाही. साडी इस्त्रीहून आली. लिंक रोडने सकाळी मुलुंडला तासाभरात पोचता येतं म्हणतात, तेव्हा साडेसातपर्यंत तुझ्या घरी येते. कापायचं-बिपायचं काही नाही, मला ठाऊक आहे. मी नुसती बसेन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. हे कुरिअरने पाठवते आहे, बुधवारी मिळेल. मला येऊ नकोस म्हणायचं असेल तर बुधवारी म्हण. मी यायला हवी असेन तर फक्त एवढं कळव की डब्यात काय आणू. तुला हल्ली काय खायला चालतं, ते मला माहीत नाही.