पहिली ओळ

३ नोव्हेंबर, सकाळी ९
निर्णय पक्का. आपल्या भागातल्या तिन्ही जंगली पार्कांतून जाणारा पाच टप्प्यांचा जिओकॅश मी शोधणार. खेळ सोपा आहे. कोणीतरी डब्या लपवून ठेवतं, पहिलीचे अक्षांश-रेखांश फोनवर मिळतात, पहिलीत दुसरीचा पत्ता, दुसरीत तिसरीचा. शेवटच्या डब्यात वही. वहीत सही करायची आणि डबा होता तसा ठेवून यायचं. वही अजून कोरी आहे. पहिली ओळ माझी.
अ‍ॅपवर 'कठीण' लिहिलंय. एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी.
ह्यांनी आठवण करून दिली की गेल्या आठवड्यात मी पार्किंगमध्ये आपलीच गाडी पाऊण तास शोधत होते. दुर्लक्ष केलं. पार्किंगला अक्षांश नसतात.

३ नोव्हेंबर, दुपारी
चिमणीला फोन. पहिलीपासून एका बाकावर बसलो, त्याला बावन्न वर्षं झाली. लगेच हो म्हणाली. ठरलं: पहिल्या ओळीवर दोघींची नावं, एकमेकींशिवाय डब्याला हात लावायचा नाही. वचन.
कॉन्व्हेंटमधला, सहावीतला ट्रेझर हंट आठवला. सिस्टरांनी शाळेच्या आवारभर चिठ्ठ्या लपवल्या होत्या. सातच्या सात मी शोधल्या. चिमणी बिचारी सारखी बुटाची नाडी बांधायला खाली बसायची. बक्षीस दोघींना मिळालं. मी कधी बोलून दाखवलं नाही.

५ नोव्हेंबर
टप्पा एक फत्ते. थोडा उशीर झाला, कारण अक्षांशाच्या चौकटीत रेखांश भरला गेला. चौकटींची मांडणीच चुकीची आहे. फोनने आम्हाला भर समुद्रात उभं केलं. चिमणी म्हणाली, अगं, पोहायचे कपडे आणायला सांगायचंस तरी.
नंतर ती एका ओंडक्याशी नाडी बांधायला बसली आणि मला नेमकी त्याच ओंडक्याच्या पोकळीत डबी दिसली. नजर लागते अशा कामाला.

७ नोव्हेंबर
टप्पा दोन. तळ्याकाठचे बाक मोजून तो आकडा अक्षांशात भरायचा. माझे आठ आले. आठवा कचऱ्याचा डबा निघाला, पण रंग तोच होता. तळ्याला तीन फेऱ्या. चिमणी म्हणे, बदकं आता आपल्याला घरची समजायला लागली.
पुलापाशी पुन्हा तिची नाडी सुटली. डबी मला कठड्याखाली सापडली. तिला नवे बूट घ्यायला सांगितलं.

१० नोव्हेंबर
चिमणीचा फोन. गुडघा धरलाय, आज नको. वर म्हणे, दोन दिवसांनी तूच पुढे हो, चौथ्या टप्प्यापर्यंत करून ठेव, शेवटच्याला मी येते.
ह्यांना चला म्हटलं, तर ह्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. टोपी घालून, काठी घेऊन? ऊन असतं, म्हणाले. दवाखान्यात?

१२ नोव्हेंबर, सकाळी १०
एकटी गेले आणि तीन अन् चार, दोन्ही टप्पे तासाभरात! झाडांना लाल लोकरीचे तुकडे बांधलेले दिसले. पोरांचे उद्योग. मी आपली फोनकडे बघत चालले, योगायोगाने वाट तीच होती. आता कळतं, इतके दिवस चिमणीमुळे मागे पडत होते.

१२ नोव्हेंबर, साडेदहा
पार्कच्या माळ्याने विचारलं, बाई, तुमचंही काही हरवलंय का? परवाच तुमच्याबरोबरच्या त्या ठेंगण्या बाई आल्या होत्या, संगती एक टोपीवाले काका. दिवसभर वाकून वाकून बघत होते. काका काठीने झुडपं उचलायचे. शेवटी टेकडीवर डबा सापडला म्हणून टाळ्या वाजवल्या दोघांनी.
टाळ्या!

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
ह्यांना विचारलं, दात कसा आहे? गाल चाचपून म्हणाले, कोणता?
मला गोवर आला तेव्हा चिमणीने माझ्या सगळ्या वह्या पूर्ण केल्या होत्या, माझ्यासारखं अक्षर काढून. तिची आई गेली तेव्हा आठ दिवस मी तिच्याजवळ राहिले. आणि एका ओळीसाठी हिने केसाने गळा कापला. तोही माझाच नवरा बरोबर नेऊन.
लोकरही तिचीच. नातवाच्या स्वेटरची. परतीची वाट सापडावी म्हणून बांधली असणार. दिशा तिला कधीच कळत नाहीत.

१३ नोव्हेंबर
तिचे चार फोन आले. घेतले नाहीत. पाचवा केला नाही तिने. ही मैत्री!
ह्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलते. त्यांना ते आवडलेलं दिसतंय.

१५ नोव्हेंबर, सकाळी
जाणार. सही नाही करायची. तिची सही बघायची, फोटो काढायचा, तिला पाठवायचा. खाली एक शब्दही लिहायचा नाही.

१५ नोव्हेंबर, दुपारी
लाल लोकर धरूनच गेले. पुरावा होता तो. टेकडी, तिसऱ्या वळणावर दगड, दगडाआड डबा. वही उघडली.
पहिली ओळ कोरी.
दुसऱ्या ओळीवर चिमणीचं सिस्टरांनी घोटवलेलं अक्षर: 'वरची ओळ माझ्या मैत्रिणीची आहे. ती वाटेवर आहे. तिला जरा वेळ लागतो. कृपया कोणी लिहू नये.' खाली ह्यांची सही, पुढे 'साक्षीदार'. जन्म कचेरीत गेला, सवय जात नाही.
त्याखाली आणखी चार अनोळखी सह्या. सगळ्यांनी वरची ओळ सोडलेली. एकाने लिहिलंय, 'ताई, सावकाश या.' दुसऱ्याने, 'सुटलेली लोकर परत बांधली आहे.'
म्हणजे साऱ्या गावाला माहीत. मला सोडून.
फोटो काढला नाही. मग पहिल्या ओळीवर माझं नाव लिहिलं आणि शेजारी तिचं. तिचं जरा बारीक लिहिलं.

१५ नोव्हेंबर, रात्री
शाळेचा जुना ग्रुप फोटो काढला. सहावी. ट्रेझर हंटचा कप आम्हा दोघींच्या हातात. पहिल्या रांगेत असल्यामुळे पाय स्वच्छ दिसतात.
आमच्या शाळेच्या बुटांना नाड्या नव्हत्या. बकलं होती.