सोनेरी काठाचा कप

प्रिय छोटे,

तुझ्याकडून निघताना पत्र लिहीन म्हणाले होते, ते आज तीन आठवड्यांनी लिहितेय. डिशवॉशर आता नीट धुतंय ना? आमचे जावईबापू अजून ताटल्या एकमेकींना चिकटवूनच लावत असतील. त्यांना पुन्हा सांग, ताटल्यांची तोंडं मधल्या बाजूला, वाट्या पालथ्या आणि जरा तिरक्या, आणि दार लावण्याआधी आतला पाण्याचा पंखा हाताने फिरवून बघायचा, कुठे अडत नाही ना. "ताई आली की भांड्यांनासुद्धा शिस्त लागते," असं ते म्हणाले, आई हसली, आणि मला वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. या वयात.

काय धुवायचं नाही त्याची यादी मी तुझ्या फ्रिजवर लावून आले. लाकडी डाव, धारेची सुरी, नॉनस्टिक तवा, सोनेरी काठाचं काहीही. अक्षर माझंच आहे, म्हणून हे लिहिणं जास्त अवघड जातंय.

आई माझ्याकडे अकरा वर्षं होती. अकरा वर्षं ती स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायली, आणि मी कधी विचारलं नाही. तुझ्याकडे येऊन दोन महिने झाले नाहीत तोवर तुम्ही दोघी दुकानात जाऊन तो सोनेरी काठाचा कप घेऊन आलात. "मला लहानपणापासून असा कप हवा होता गं," असं ती मला म्हणाली. मला नाही, खरं तर तुला म्हणाली. मी शेजारी उभी होते.

तो कप पहिल्या दिवशी चुकून मशीनमध्ये गेला, असं मी रोजनिशीत लिहिलंय. तेही खरं नाही. मी तो चार वेळा लावला, वरच्या कप्प्यात, अगदी व्यवस्थित. काढताना दर वेळी काठ उजेडात धरून सोनेरी रंग किती उडाला ते पाहिलं.

आई रोज फोनवर मला सांगते, "धाकटीचं लक्षच नसतं बघ, कपाचा पार सत्यानाश केला." तीन आठवडे मी नुसतं "हं" म्हणतेय. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटत होतं. काल ती म्हणाली, तू तिची माफी मागितलीस आणि रडलीस. न केलेल्या चुकीसाठी. म्हणून हे लिहितेय. फोनवर तिला सांगायचा मला धीर होत नाही. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस. आईला तुझ्याकडेच राहू दे.

तुझीच, तू अजून म्हणशील तर,
ताई