जिनिंगच्या भिंतीवरची ओळ

मानवत, ९ मार्च १९८३. संध्याकाळ.

कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेली ओळ मी रचलेली आहे. विद्यापीठाच्या नामांतराच्या नव्या गाण्यातली, परवाच्या तालमीत पहिल्यांदा म्हटलेली. खोलीत तिघंच होतो. मी, पत्र्याचा डबा वाजवणारा गौतम आणि मागून साथ करणाऱ्या सुमनबाई. मग भिंतीवर गेली कशी? पोलीस दुपारी मी शिकवतो त्या शाळेत येऊन अक्षर कुणाचं म्हणून विचारून गेले.

आधी गौतमवर संशय आला. तो हसला. "मला लिहिता कुठं येतंय, गुरुजी?"

तेही खरंच. मग सुमनबाईंकडं गेलो. त्या भाकरी थापत होत्या आणि नखांत गेरू होता. मी नखांकडंच बघत राहिलो. त्यांनी हात लपवले नाहीत.

"मीच लिव्हलं. ढोलकी न्हाई म्हणून आपुन डब्यावर गातोय. मंग कागद न्हाई तर भिंतीवर का लिव्हू नये? सभेला न येणाऱ्यायनी बी वाचावं."

मला पटलं. तरी आधी का नाही सांगितलं, हे विचारलंच.

"तुमाला सरकारी नोकरी हाय, गुरुजी. पोलिसांनी दम दिला तर माझं नाव सांगाल का?"

नाही म्हणालो. पण ते म्हणायला मला क्षणभर लागला, आणि ते त्यांच्या ध्यानात आलं.