एक चमचा कृष्णामाई

३ मे १९९८, वाई
आज तिसऱ्या दिवशीही काळा चहा! पेशवाई बुडाली तेव्हाही वाईवर एवढी आपत्ती आली नसेल. शेजारच्या पद्मावहिनींच्या मयूरीचं डोहाळजेवण झालं. पीयूष पिऊन निम्मी आळी आडवी! ताक रंगूबाईचं, म्हणून सगळ्यांनी तिचा दुधाचा रतीब बंद केला. मी एकटीनं कसा चालू ठेवायचा? "तुम्हाला काय, सगळ्याचीच थट्टा!" — माझ्या काळ्या चहाच्या रडगाण्यावर इति पद्मावहिनी.
मयूरी अजून सलाइनवर आहे. तिच्यापुढे माझा चहा काय! तरी लिहिलं.

४ मे
रंगूबाई दारात. "आवं वैनी, माज्या म्हशीला काय झालं न्हाई, मला काय झालं न्हाई. समदी आळी तोंड फिरवती. म्हस इकू का आता?"
पीयूष मीच घुसळलेलं, त्यामुळे तिची चरवी माझ्याच फ्रिजमध्ये, तळाशी थोडं ताक. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, आणि आत काय घालावं ते सुचेना, म्हणून राहिली. आळसही कधी पुण्य करतो!
भाची वल्लरी सांगलीच्या प्रयोगशाळेत अन्नातले जंतू शोधते. तिला फोन केला. "मावशी, पीयूषमध्ये जे जे पडलं ते सगळं आण. बर्फात ठेवून."
ताक घेतलं, उरलेलं पीयूष घेतलं. जे जे म्हणाली, म्हणून देवघरातली कृष्णेच्या पाण्याची बाटलीही घेतली. शुभकार्यात चमचाभर कृष्णामाई घालायची, ही सासूबाईंची रीत. देवाधर्माची टिंगल करून मी नाव मिळवलं — पण तो चमचा चुकवत नाही.

६ मे, सांगली
नमुने रात्रभर उबेत ठेवले होते, जंतू असतील तर वाढावेत म्हणून. आज यंत्र पाहिलं. मिक्सरचा थोरला भाऊ! नळ्या तापवतं, निववतं, पुन्हा तापवतं. दर फेरीला जंतूच्या खुणेचे एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ.
"अगं, ही तर आमची आळी!"
"आळी नसलेलंही वाढवते, मावशी. हे असेल तेच वाढवतं."
वाक्य वहीत टिपून घेतलं. मी!
जुन्या पद्धतीनं चार-पाच दिवस गेले असते म्हणे. इथं जेवण करून आलो तर तयार! वल्लरीनं प्रत्येक नळीतला थेंब जेलीच्या पातळ वडीत वेगळ्या रांगेत सोडला, थोड्या वेळानं खोलीत अंधार करून जांभळा दिवा लावला. पीयूषच्या रांगेत नारिंगी पट्टी उजळली. जन्मात कुणाला न दिसलेलं काहीतरी अंधारात स्वतःचं नाव सांगत होतं. ताकाच्या रांगेत नुसता काळोख. स्वच्छ! माझे हात आपोआप जोडले गेले. यंत्राला!
तिसऱ्या रांगेतही तीच पट्टी. वल्लरीनं दोनदा पाहिलं.
"मावशी, ही बाटली कुणाची?"

७ मे, वाई
मयूरी घरी आली. पोटातलं बाळ सुखरूप. पद्मावहिनींच्या ओट्यावर, आळी जमली असताना, सांगितलं — ताक चांगलं होतं, चमचा माझा होता.
मग चरवी घासली, साखरेनं भरली आणि रंगूबाईला नेऊन दिली. तिनं आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"बसा वैनी. चा टाकते. दुदाचा."